लॅबची चावी दुसऱ्याच्या खिशात आणि विभागप्रमुख मी. काय करू?

तापीकाठची_मॅडम

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहूनच टाकते, लांब होईल जरा, सांभाळून घ्या.

मी रावेर-यावल पट्ट्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत आहे. एमएस्सी बीएड, १७ वर्षं सर्व्हिस. या जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी स्टाफ मीटिंगमध्ये हेडसरांनी जाहीर केलं की यावर्षीपासून विज्ञान-गणित विभाग मॅडम बघतील. टाळ्या वाजल्या, पेढे मी वाटले, खूप आनंद झाला होता खरंच. विभागात मी धरून ७ जण, त्यात ४ सर लोक, दोघं मला सीनियर, त्यातले एक तर २ वर्षांनी रिटायर होतील. आतापर्यंत विभाग तेच बघायचे, म्हणजे कागदावर कोणाचंच नाव नव्हतं पण सगळे विचारायचे त्यांनाच.

आता काय होऊन राहिलंय ते सांगते. लॅबच्या कपाटांची चावी अजून त्यांच्याकडेच आहे, मोटरसायकलच्या चावीच्या जुडग्यात अडकवलेली. प्रत्येक प्रॅक्टिकलच्या आधी मी जाऊन मागायची, मग ते देणार, तास संपला की परत न्यायला माणूस पाठवणार. मागच्या बुधवारी ९वी ब चं लिटमसचं प्रॅक्टिकल होतं. ४८ पोरं व्हरांड्यात उभी आणि सर बँकेच्या कामाला तालुक्याला गेलेले, चावी त्यांच्यासोबत. फोन केला तर म्हणे, उद्या घ्या ना मॅडम, लिटमस काय पळून जातंय का. मग मी एका पोराला समोरच्या दुकानात पाठवलं, लिंबू, धुण्याचा सोडा आणि हळदीची पुडी मागवली, वहीचे कोरे कागद हळदीच्या पाण्यात बुडवून खिडकीत वाळवले आणि त्यावर तो तास काढला. सोड्याचं पाणी लागलं की पिवळा कागद लालसर व्हायचा तेव्हा पोरं ओरडत होती खुशीने. तास चांगला झाला. पण मी स्टाफरूममध्ये येऊन बसले आणि हातावरचे हळदीचे डाग बघून एकदम रडायला आलं.

टाचण वह्या (पाठाची तयारी लिहिलेल्या) सोमवारी द्यायच्या ठरलेलं, माझ्याकडे फक्त दोन मॅडमच्या येतात. सर लोक परस्पर हेडसरांच्या टेबलवर ठेवतात. घटक चाचणीचे पेपर संविधान तक्त्यासकट (कोणत्या घटकाला किती गुण त्याचा तक्ता) मागितले तर एकाने मागच्या वर्षीचाच पेपर तारीख बदलून दिला, तोही कानबाईच्या (आमचा खानदेशातला श्रावणातला सण) आदल्या शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर. सोमवारी विसर्जन, मंगळवारी पेपर. घरात रोटाचं, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचं, सगळं माझ्यावर, सासूबाईंना होत नाही आता. रविवारी रात्री आरती झाल्यावर पाहुणे जेवून उठले, भांडी आवरली आणि ११ नंतर बसून मी तो पेपर अख्खा नव्याने काढला. का काढला? कारण पेपर खराब निघाला असता तर नाव माझं आलं असतं.

विभागाची मीटिंग शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ठेवते. सर लोक गाडीला किक मारून टपरीवर जातात. तिथे चहा होतो आणि तिथेच ठरतं कोण कोणता वर्ग घेणार, कोणाचा तास कोणाला द्यायचा. मला सोमवारी शिपाई मामांकडून कळतं. मी टपरीवर जाऊन बसू शकत नाही, गाव छोटं आहे.

हेडसर माणूस चांगला आहे पण म्हणतात 'गोडीने घ्या, मोठे आहेत ते'. आणि परवा संस्थेतल्या एकांनी व्हरांड्यात थांबवून सांगितलं की पुढे पर्यवेक्षकाची जागा निघेल, तुम्हाला घर आहे, पोरगा १०वीत जाईल, तुम्ही आत्ताच एक लिहून देऊन टाका की मला नको म्हणून, सगळ्यांनाच मोकळं.

मला काम सोडायचं नाहीये. मला हे काम आवडतं. पण हे असं किती दिवस करायचं? ज्यांनी विभाग सांभाळलाय त्यांनी सांगा प्लीज.

---

धुळे_भाषा_विभाग

ताई तुमचं वाचताना मला माझंच वाचल्यासारखं झालं. मी भाषा विभाग बघते ४ वर्षांपासून. आमच्याकडे लॅब नाही म्हणून चावी नाही, पण ग्रंथालयाच्या पुस्तक खरेदीची यादी दरवर्षी मी करायची आणि खरेदीला दुसरेच जाणार, पुस्तकं येतात ती यादीतली निम्मीसुद्धा नसतात.

एक सांगते, 'तुम्हाला घर आहे' हे वाक्य मला इतक्यांदा ऐकवलंय ना. अहो घर त्यांनाही आहे की. पण त्यांच्या घरात त्यांचा डबा कोणीतरी भरून देतं, आपण आपला भरतो आणि अजून तीन. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त हे मोजलं जात नाही याचा मला राग येतो.

पेपर पुन्हा काढून देऊ नका, एवढंच सांगेन. मी पहिली दोन वर्षं तेच केलं, सगळ्यांच्या चुका रात्री दुरुस्त केल्या. त्यांना कधी कळलंच नाही की चूक होती. तिसऱ्या वर्षी मी पेपर परत पाठवला, लाल पेनाने खुणा करून, खाली लिहिलं 'दुरुस्त करून उद्या ११ पर्यंत द्यावा', तारीख, सही. राग आला त्यांना, आठवडाभर बोलले नाहीत. पण पुढचा पेपर नीट आला.

---

निवृत्त_मुख्याध्यापिका_अमळनेर

बेटा, तुझा प्रश्न वाचला. मी ३२ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची ५ मुख्याध्यापिका म्हणून. ५ च का, ते पुढे सांगते.

आधी एक गोष्ट समजून घे. आपल्याकडे खाजगी शाळांना १९७७ चा कायदा आणि १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे. त्यात मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक या पदांचं सगळं लिहिलेलं आहे. विभागप्रमुख ही शाळेने आपल्या सोयीसाठी केलेली वाटणी. त्याला वेगळा पगार नाही. म्हणून मीटिंगमध्ये नुसतं जाहीर करून, टाळ्या वाजवून तुझ्या हातात काही येत नाही. तुझी ताकद असेल ती हेडसरांच्या लेखी आदेशात. शाळेच्या लेटरहेडवर, जावक नंबर टाकून, तू विभागप्रमुख आहेस, टाचण आणि प्रश्नपत्रिका तुझ्यामार्फत येतील, लॅबचा चार्ज तुझ्याकडे राहील, एवढ्या तीन ओळी पुरेत. आणि तो आदेश सूचना वहीत फिरव, सगळ्यांच्या सह्या घे. सही केली की माणूस वेगळा वागतो, हे मी आयुष्यभर पाहिलंय.

चावी मागू नकोस. चार्ज माग. चावी मागितली की ती मेहेरबानी होते, आज दिली उद्या नाही. चार्ज म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) घेऊन दोघांनी कपाटासमोर उभं राहायचं, एकेक वस्तू मोजायची, परीक्षानळ्या किती, बीकर किती, सूक्ष्मदर्शक किती चालू किती बंद, फुटलेलं काय, आणि यादीखाली देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, वर हेडसरांची. यात त्या सरांचाही फायदा आहे हे त्यांना समजावून सांग. २ वर्षांनी ते रिटायर होणार, तेव्हा ना-देय दाखला (शाळेचं काही देणं बाकी नाही असा) लागेल, त्या वेळी २० वर्षांपूर्वीचा सूक्ष्मदर्शक सापडला नाही तर त्यांनाच त्रास. सीनियर माणसाला अपमान नको असतो, सुटका चालते.

आता ते 'लिहून देऊन टाका' बद्दल. इथे माझं ऐक. काही लिहून देऊ नकोस. एक ओळही नाही. मुख्याध्यापकपदाबाबत नियम असा आहे की ज्येष्ठ शिक्षकाला हक्क सोडायचा असेल तर ते निवेदन स्वतःच्या हस्ताक्षरात, शिक्षणाधिकाऱ्यांसमोर, जागा रिकामी झाल्यापासून १५ दिवसांच्या आत द्यायचं असतं, आणि तसं दिलं तरी पुढच्या वेळी जागा निघाली की हक्क परत उभा राहतो. इतकी काळजी नियमाने का घेतली असेल? कारण असे कागद व्हरांड्यात लिहून घेतले जातात हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं. जागा निघालीच नाही, त्याच्या आधीच कागद मागतायत, याचा अर्थ तूच समज.

मी लिहून दिला होता. माझी मोठी मुलगी १०वीत होती, आमचे यजमान म्हणाले कशाला डोक्याला ताप, संस्थाचालक घरी चहाला आले, काका काका म्हणत होतो आम्ही त्यांना. मी लिहून दिलं. पुढची जागा ६ वर्षांनी निघाली. त्या ६ वर्षांत मी माझ्याहून ज्युनियर माणसाच्या हाताखाली वेळापत्रकं करून दिली, निकालाची प्रेझेंटेशनं करून दिली, इन्स्पेक्शनच्या फायली मी लावल्या आणि खुर्चीत ते बसले. मुलगी १०वी पास झाली, तिचं लग्न झालं, पण ती ६ वर्षं काही परत आली नाहीत. मन्ही माय म्हणे, पोरी, हातनं दिधं ते गयं. तसं झालं.

ज्येष्ठता यादी दरवर्षी बघत जा, सही करायच्या आधी स्वतःची तारीख तपास. प्रशिक्षित पदवीधर म्हणून तू कोणत्या तारखेला धरली गेलीस हे महत्त्वाचं, नुसती नेमणुकीची तारीख नाही. चूक असेल तर लेखी हरकत घे, वाद राहिला तर तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. आणि उद्या तुला डावलून खालच्याला बढती दिलीच तर शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, मुदत ३० दिवसांची. बायका पहिले २० दिवस रडण्यात आणि घरच्यांना समजावण्यात घालवतात, मग वकील शोधेपर्यंत मुदत जाते. मी दोघींचं असं होताना पाहिलंय.

---

अप्पा_चाळीसगाव

मॅडम राग मानू नका पण याला बाई-पुरुष असा रंग देऊ नका. मला पण विभाग दिला तेव्हा सीनियर लोकांनी त्रास दिलाच. मोठ्या माणसाचा मान ठेवा, घरी बोलवा एकदा, शेवभाजी खाऊ घाला, सगळं सुरळीत होतं.

---

तापीकाठची_मॅडम

अप्पा, राग नाही. त्रास तुम्हालाही झाला असेल, मानते. पण तुम्ही तो त्रास टपरीवर चहा पिता पिता मिटवला असेल ना? मला ती जागाच नाही. मी त्या सरांना घरी जेवायला बोलावलं तर पुढच्या दिवशी गावात काय बोलतील हे तुम्हालाही माहिती आहे. आणि मान ठेवतेच की, १७ वर्षं ठेवला, मीटिंगमध्ये पहिली खुर्ची त्यांची असते. तुम्हाला विभाग मिळाला तेव्हा 'तुम्हाला घर आहे, लिहून द्या' असं कोणी म्हणालं होतं का?

बाई, (बाईच म्हणते तुम्हाला, आमच्या शाळेत आम्ही तसंच म्हणायचो) तुमचं उत्तर तीनदा वाचलं. यांनाही वाचून दाखवलं. ते गप्प बसले होते, मग म्हणाले आदेशाचा मसुदा मी टाईप करून देतो.

---

शहादा_गणितवाला

मी पुरुष शिक्षक आहे आणि आमच्या विभागाच्या प्रमुख मॅडम आहेत, म्हणून दुसऱ्या बाजूचं लिहितो, खरं खरं.

मॅडम नवीन प्रमुख झाल्या तेव्हा मी पण पेपर त्यांना उशिरा द्यायचो. हेडसरांनी मागितला असता तर वेळेत दिला असता. मुद्दाम करत होतो असं तेव्हा वाटलं नाही, पण आता विचार केला तर दोन्हीतला फरक मलाच कळतो. कोणी मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं छे, असं काही नाही, आम्ही मॅडमना मानतो. मानणं वेगळं आणि त्यांचं म्हणणं वेळेत करणं वेगळं.

बदललं कशामुळे ते सांगतो. त्यांनी वेळापत्रक समितीत भांडून विभागाचा एक कॉमन ऑफ तास काढून घेतला, गुरुवारी मधल्या सुट्टीनंतरचा. मीटिंग तेव्हाच, शाळेच्या वेळेत, लॅबमध्ये, उभ्या उभ्या २० मिनिटं. शाळा सुटल्यावरची मीटिंग बंद. मग पळायला कारणच उरलं नाही, आणि दोन मॅडम लोकांची ६ ची एसटी पण चुकत नव्हती. शेवटी एक वही, तीन ओळीत काय ठरलं ते, हजर असणाऱ्यांच्या सह्या. टपरीवर काही ठरलं तर मॅडम एवढंच म्हणायच्या, 'वहीत आहे का?' वहीत नसेल तर ते ठरलंच नाही. दोन महिन्यांत आम्हीच एकमेकांना म्हणायला लागलो वहीत टाक रे.

दुसरं म्हणजे त्या आमच्या वर्गावर येऊन बसायला लागल्या, पण आधी स्वतःच्या वर्गावर आम्हाला बोलावलं. मी त्यांचा १०वीचा अर्थनियोजनाचा तास पाहिला, जीएसटीचं बिल त्यांनी गावातल्या कृषी केंद्रातून आणलं होतं, खतावर ५ टक्के, कीटकनाशकावर १८ टक्के, पोरांच्या घरचंच बिल. मी इतकी वर्षं तो धडा पुस्तकातली गणितं उतरवून शिकवत होतो. त्या दिवसापासून माझ्या मनात काही शंका राहिली नाही की ही बाई प्रमुख का आहे. (त्या वेळचे दर सांगतोय, शिकवताना चालू दर बघून घ्या.)

तुमचा हळदीचा तास पण तसाच आहे मॅडम. तो तुमच्या विभागातल्या लोकांनी पाहायला हवा होता.

---

सातपुडा_आश्रमशाळा

धडगाव भागात आश्रमशाळेत विज्ञान बघते. माझं थोडक्यात सांगते कारण नेटवर्क येतं जातं.

इथे प्रश्न वेगळा आहे. प्रशिक्षण असलं की नाशिकला, बोर्डाची विषयाची बैठक असली की नाशिकला, कारण नाशिक विभागीय मंडळात आपण, धुळे जळगाव नंदुरबार सगळेच. घाट उतरून नंदुरबार, तिथून नाशिक, म्हणजे मुक्काम आला. दरवेळी मला न विचारताच सरांचं नाव पाठवायचे, 'मॅडमना कुठे त्रास देता' म्हणून. वाटायचं काळजी करतायत. पण ५ वर्षांत मी एकाही प्रशिक्षणाला गेले नाही आणि मग तेच म्हणायला लागले की मॅडमना नवीन मूल्यमापन माहीत नाही. त्या वर्षी मी अर्जच दिला की पुढच्या प्रशिक्षणाला माझं नाव पाठवावं, राहण्याची सोय मी बघते. मैत्रिणीकडे राहिले, धाकटीला माहेरी ठेवलं, गेले. तिथे हॉलमध्ये बायका मोजल्या मी, फार कमी होत्या.

माझं म्हणणं, त्रास होईल की नाही ते आपल्याला विचारू द्या. आपल्या वतीने कोणी नाही म्हणायचं नाही.

---

धुळे_भाषा_विभाग

@सातपुडा हे अगदी खरं. 'मॅडमना त्रास नको' म्हणत म्हणत सगळ्या संधी जातात.

आणि तापीकाठच्या ताई, अजून एक, ग्रुपवर कोणी घाणेरडं किंवा टोमण्याचं काही टाकलं तर स्क्रीनशॉट ठेवा. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत तक्रार समिती असायलाच पाहिजे, कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, आणि तिची अध्यक्ष बाईच असते. आमच्या शाळेत फलकावर नावं होती पण त्यातल्या एक मॅडम ३ वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या, मी सांगून नवीन करून घेतली. तुमच्याकडे बघा फलक आहे का.

---

तापीकाठची_मॅडम

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते.

आदेश निघाला. हेडसर आधी म्हणाले कशाला कागद, मी म्हटलं सर तुमच्यासाठीच, उद्या इन्स्पेक्शनला विचारलं तर दाखवता येईल. सही केली त्यांनी. सूचना वही फिरली, ६ पैकी ५ सह्या त्याच दिवशी झाल्या, एक सही दुसऱ्या दिवशी.

चार्ज घेतला काल. सरांना मी बाईंनी सांगितलं तसंच सांगितलं, की सर तुमच्या ना-देयच्या वेळी अडचण नको, आत्ताच मोजून घेऊ. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले चला. अडीच तास लागले. सर स्टुलावर बसून रजिस्टर वाचत होते आणि मी कपाटातून काढत होते, मामा पुसून ठेवत होते. एका खोक्यात त्यांनी स्वतः २५ वर्षांपूर्वी पोरांकडून बनवून घेतलेला पेरिस्कोप निघाला, पुठ्ठ्याचा, आरसे अजून शाबूत. ते सर बघतच राहिले त्याच्याकडे, मग मला सांगायला लागले तो कसा बनवला, कोणत्या प्रदर्शनाला नेला. १७ वर्षांत ते माझ्याशी एवढं विज्ञानाबद्दल पहिल्यांदा बोलले असतील. सह्या झाल्या, त्यांनी जुडग्यातून चावी काढली, नखाने ती कडी उघडेना तर मी माझी पिन दिली. चावी टेबलवर ठेवली आणि गेले. पेरिस्कोप मी आता दर्शनी कपाटात लावलाय, त्यांचं नाव आणि साल लिहून.

गुरुवारचा कॉमन तास अजून मिळाला नाही, दिवाळीनंतर बघू म्हणालेत. एक सर अजून टाचण परस्परच देतात. आणि त्या संस्थेतल्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं, मी सांगितलं की मी काही लिहून देणार नाही, जागा निघेल तेव्हा यादीप्रमाणे बघू. हात थरथरत होते बोलताना पण बोलले.

आता एक नवीन अडचण. मागच्या कपाटात लेबल गळून गेलेल्या ११ बाटल्या निघाल्यात, काहींची बुचं घट्ट बसलीयत, एकीत तळाला खडे जमलेत. मी त्या वेगळ्या करून, वाळूच्या ट्रेमध्ये ठेवून कपाट बंद केलंय आणि पोरांना तिकडे जायची बंदी केलीय. बेसिनमध्ये ओतायच्या नाहीत आणि हुंगून बघायच्या नाहीत एवढं कळतं. कोणाच्या शाळेने असा जुना माल निर्लेखित (रजिस्टरमधून रीतसर कमी) करून घेतलाय का? अर्ज कोणाकडे करायचा आणि बाटल्या न्यायला कोण येतं?